निरगाठ

अप्पांच्या उजव्या हाताची बोटं निळी पडलेली त्याला दिसली आणि पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते एवढंच, की हा रंग आपल्या ओळखीचा आहे. रंगाच्या कारखान्यात त्याची सगळी नोकरी छटा जुळवण्यात गेली होती. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन यायचं, कपाटाचं दार घेऊन यायचं, एकदा तर एक बाई भिंतीचा पोपडाच रुमालात बांधून घेऊन आली होती, आणि तो डोळे बारीक करून सांगायचा, पांढऱ्यात एवढा निळा, एवढा काळा, आणि लालाचं नुसतं बोट. खात्यात त्याला मास्तर म्हणत. मास्तरच्या डोळ्यापुढे यंत्र झक मारतं, असं मालक पाहुण्यांना सांगायचे, आणि मग पाहुण्यांची नजर हटकून त्याच्या उजव्या हाताकडे जायची आणि तिथून घाईघाईने छताकडे. हा एक रंग मात्र मास्तरने जन्मात कधी कालवला नव्हता. तशी मागणी आली की तो पोट बिघडल्याचं सांगून बाहेर जायचा. निळा, त्यात जांभळा, वरून राखेची साय. नखांच्या मुळाशी अजून थोडा गुलाबी उरला होता. म्हणजे अजून वेळ होता. त्याने हातातला थर्मास खाली ठेवला, आणि आपण तो फार सावकाश ठेवतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं.

खाटेवर अप्पा होते, म्हणजे अप्पांचं जे काही उरलं होतं ते. मेंदूत रक्त साकळल्यापासून माणसं ओळखायचं त्यांनी सोडून दिलं होतं. डावं अंग लुळं पडलं होतं, पण उजव्या हातातली रग शाबूत होती. नाकात घातलेली अन्नाची नळी त्यांनी काल दोनदा उपसली, दुसऱ्या खेपेला रक्ताची धार लागली, आणि सावरायला गेलेल्या सुनेच्या कानशिलात त्यांनी अशी ठेवून दिली की तिच्या कानात अजून शिट्टी वाजत होती. म्हणून रात्रपाळीच्या माणसाने तो हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधून टाकला होता. पट्टी बांधताना ओली असावी. वाळताना ती आक्रसली होती, मनगट दोन्ही बाजूंनी फुगलं होतं आणि मधे खोल घळ पडली होती. मास्तर वाकला. गाठ पाहिली. निरगाठ होती.

"सिस्टर, एवढा हात जरा सैल करता का?"

सिस्टर बाई चांगली होती. आली, वाकली, बोटं दाबून पाहिली. "गार लागतायत," ती म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. "पण मला सोडता येत नाही हो. डॉक्टरांच्या तोंडून ऑर्डर लागते."

"अहो, पण दिसतंय ना समोर."

"दिसतंय. मागे एकाचं असंच दिसलं म्हणून मी सोडलं. दया आली मला. त्याने गळ्यातली नळी ओढली आणि माझ्या डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून इथे नियम आहे. बांधायचं ते डॉक्टरांना विचारून आणि सोडायचं तेही डॉक्टरांना विचारूनच."

"मग डॉक्टरांना बोलवा."

"निरोप धाडलाय. खाली बस उलटून माणसं आलीत, रक्ताचा चिखल झालाय नुसता, सगळे तिथेच आहेत. मोठे डॉक्टर उद्या." ती जाता जाता थांबली. "काय करणार, आज रविवार आहे ना."

आज रविवार आहे. मास्तर हसला. मोठ्याने हसला, इतका की पलीकडच्या खाटेवर तंगडी टांगून पडलेला ट्रक ड्रायव्हर मान उचलून बघायला लागला. तो स्टुलावर बसला. माणसाच्या आयुष्यात अशी सरळसरळ परतफेड कधी येत नाही, आणि आली तर ती अशी ताटात वाढून येते याची त्याला शिसारी आली आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोला, आनंद झाला.

"रात्रभर ओरडत होते हो म्हातारबा," ड्रायव्हर म्हणाला. "सोड, सोड करत. मी म्हटलं, बाबा, सोडलं असतं, पण मलाच टांगलंय खाटकाच्या दुकानासारखं. तुमचे कोण?"

"वडील."

"काय करायचे?"

"हाडवैद्य होते."

"अरे तिच्या! मग आमचेच देव की ते," असं म्हणून ड्रायव्हरने झोपल्या झोपल्या अप्पांना नमस्कार केला. 

सगळे करायचे नमस्कार. खांद्यातून निखळलेले, घोट्यात मुरगळलेले, झाडावरून, शिडीवरून, नवऱ्याच्या हातून पडलेले, सगळे अप्पांच्या ओसरीवर यायचे आणि ओरडत यायचे ते गप्प होऊन जायचे. अप्पांच्या हाताला गुण होता. नुसता अंगठा फिरवून ते आतलं हाड वाचायचे, आणि वाचता वाचता एकदम, माणूस दुसरीकडे बघत असताना, कडाक. ती कडाक त्याच्या लहानपणाची घड्याळातली टिकटिक होती. मग बांबूच्या कामट्या, कापूस आणि पट्टी. कामट्या कोपऱ्यात उभ्या असायच्या आणि त्या दोन कामांना यायच्या. हाड सरळ ठेवायला आणि पोरगा सरळ ठेवायला. एकाच कामटीने सकाळी एखाद्याचा पाय बांधला जाई आणि संध्याकाळी तिच्या जोडीदार कामटीने मास्तरच्या पाठीवर वळ उठत. अप्पा मारायचेही मन लावून. घाई नाही, शिवी नाही, एक वळ दुसऱ्यावर नाही. आई स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करायची, तिला ऐकू येऊ नये म्हणून.

आणि अप्पांचा रविवार. तो शनिवारी दिवा लागला की सुरू व्हायचा आणि सोमवार उजाडल्यावर संपायचा. गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या ख्रिस्ती घरात असला रविवार कुणी पाळत नव्हतं. पाळकसाहेबसुद्धा रविवारी दुपारी कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करत बसलेले दिसायचे. पण अप्पांचं म्हणणं असं, की हा गुण आपला नाही, देवबापाने हातावर ठेवलेला आहे. सहा दिवस तो लोकांचा, सातवा दिवस त्याचा. सातव्या दिवशी हात उघडला तर तो गुण उडून जाईल. म्हणून रविवारी चूल नाही, कंगवा नाही, तुटलेलं बटण नाही. गाठ मारायची नाही आणि गाठ सोडायची नाही, कारण गाठ हे तर त्यांचं मुख्य काम. त्यामुळे रविवारी त्याच्या घरातली पोरं चपला घालून उपासनेला जायची. बुटाला नाड्या असतात. लोक हसायचे. लोकांचं काय जातंय हसायला. ओसरीवर रविवारी कुणी मोडकं माणूस घेऊन आलंच, तर अप्पा आतून कडी लावून घ्यायचे आणि बाहेरचं विव्हळणं ऐकत भिंतीकडे तोंड करून बसायचे. तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम यायचा. तो घाम मास्तरला नंतर कितीतरी वर्षांनी आठवला, आणि अप्पा भ्यालेले होते, जन्मभर भ्यालेलेच होते, हे त्याच्या ध्यानात आलं. पण भ्यालेला माणूस कमी जोरात मारतो असं थोडंच आहे.

"सोड," अप्पा म्हणाले.

त्याने पाहिलं. डोळे उघडे होते, पण ते त्याच्यावर टेकत नव्हते. जीभ जड झाली होती. "सोड. ए माणसा. सोड."

"उद्या," मास्तर म्हणाला. तो हे इतकं सहज बोलून गेला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. हाच आवाज, हाच शब्द. आवाज माणूस कुठून उचलतो आणि किती वर्षं पोटात जपून ठेवतो!

तेव्हाही हात बांधला गेला तो शनिवारीच. कोळशाच्या वखारीची भिंत, भिंतीवर पोरांची शर्यत, आणि खाली पडताना कोपर आधी टेकलं. अप्पांनी त्याला अंगणातूनच उचललं. मांडीवर घेतलं, हे त्याला आठवतं, कारण त्याआधी आणि त्यानंतर कधी घेतलं नव्हतं. अंगठा कोपरावरून फिरला. "वर बघ, कावळा बघ कसा बसलाय," अप्पा म्हणाले आणि त्याने वर पाहिलं आणि कडाक. डोळ्यांपुढे पांढरं झालं. हाड बसलं, अगदी दागिन्यात खडा बसवावा तसं; पुढे मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनीही त्याची वाखाणणी केली. पण उजेड चालला होता. शेजारच्या खिडकीत दिवा लागला होता, अप्पांची नजर सारखी तिकडे जात होती. एरवी ते सुजेला जागा ठेवून, सुरगाठ मारून, रात्री स्वतः उठून पट्टी सैल करायचे. त्या दिवशी त्यांनी भराभर फेर दिले, आवळले, आणि आपल्या घरात आई काडी ओढते न ओढते तोच गाठ मारली. घाईतली. निरगाठ.

रात्री हात फुगला. आत कुणी हाडाभोवती तार पिळतंय असं वाटत होतं, आणि पिळणारा थांबत नव्हता. तो ओरडला. अप्पा उठून आले, दिवा धरून बोटं पाहिली. बराच वेळ पाहिली. त्यांना कळलं होतं. त्या माणसाला हाताबद्दल कळणार नाही असं काही जगात नव्हतं. त्यांचा हात गाठीपर्यंत आला आणि तिथे हवेत थांबला, आणि मग मागे गेला. "उद्याचा दिवस काढ," ते म्हणाले. "परवा उजाडताच सोडतो." तो ओरडतच राहिला तेव्हा त्यांनी कोपऱ्यातून कामटी आणली. मोडलेल्या हाताला धक्का लागू नये म्हणून त्याला पालथा न घालता कुशीवर वळवलं, आणि मारलं. एवढी काळजी घेऊन मारलं. दोन दुखणी एकत्र आली की एक विझतं म्हणतात. तसलं काही झालं नाही.

रविवारी सकाळी त्याला उपासनेला नेलं. हात गळ्यात, चपला पायात. बोटं तेव्हा नेमकी या रंगाची होती. पाळकसाहेब त्या दिवशी शास्त्रातली कुबड्या बाईची गोष्ट सांगत होते, आणि पाळकसाहेब गोष्टी रंगवून सांगायचे. बाईची पाठ इतकी वाकलेली, की वर्षानुवर्षं तिने आभाळ म्हणून पाहिलेलं नाही. लोकांचे पाय तेवढे ओळखते. येशू तिला बोलवतो, शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवशी, भर सभेत. बाई, तू सुटलीस. आणि ती ताठ उभी राहते, आणि सभेचा प्रमुख, तो खवळतो. सहा दिवस मोकळे पडलेत ना, तेव्हा या बरे व्हायला! पाळकसाहेबांनी प्रमुखाचा आवाज असा नाकातून काढला की लोक हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला. येशू म्हणतो, ढोंग्यांनो, तुमचा बैल, तुमचं गाढव, त्याला तहान लागली की शब्बाथ दिवशी दावं सोडता ना? दाव्याची गाठ सोडता ना? मग या बाईची नको सोडायला? बाकावर बसलेल्या पोराने ते ऐकलं. त्याच्या छातीत काहीतरी मोठं होऊन उभं राहिलं. त्याने अप्पांकडे पाहिलं आणि गळ्यातला हात, जेवढा उचलेल तेवढा, त्यांच्यापुढे धरला. शब्दबिब्द काही नव्हते, नुसता हात. अप्पा समोर बघत होते. त्यांनी न बघता तो हात दाबून खाली ठेवला आणि तसाच दाबून धरला, उपासना संपेपर्यंत. त्यांच्या तळव्याला घाम होता. त्या गोष्टीवर मास्तरचा विश्वास तिथेच बसला आणि तिथेच मोडला. अशा गोष्टी होतात हे त्याला पटलं. त्या आपल्या घरात होत नाहीत हेही पटलं.

संध्याकाळी आईने कात्री काढली. तेवढं धाडस ती एकदाच करू शकली. तिने पट्टीखाली कात्रीचं टोक घातलं, आणि अप्पा दारात उभे. कामटी आडवी आली ती तिच्या तोंडावर. कात्री जमिनीवर पडली, तिच्याबरोबर आईचा एक दात पडला, आणि आई खाली बसून तो दात शोधायला लागली, मुलाकडे न बघता, जसं काही मुळात दातासाठीच हे सगळं चाललं होतं. अप्पा रडत होते. मारताना आणि मारून झाल्यावर, ते रडत होते, आणि म्हणत होते, "मला का करायला लावता, मला का करायला लावता." सोमवारी उजाडायच्या आत ते ओसरीवर उभे होते. पहिली चांदी दिसताच धावत आले आणि त्यांनी ती गाठ सोडली. हाताने नाही सुटली, म्हणून कापली. बोटं तेव्हा पांढरी झाली होती, आणि दुखायची थांबली होती. पुढे हात वाळत गेला, मूठ आत वळली. गल्लीतली पोरं थोट्या म्हणायला लागली. अप्पा त्यावर एक अक्षर कधी बोलले नाहीत, ना त्या दिवशी, ना नंतर. आणि त्यांच्या हाताचा गुण, लोक म्हणतात, उलट वाढला.

"सोड ना रे," अप्पा म्हणाले. आता त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मेलो. हात मेला माझा."

नखांच्या मुळाशी गुलाबी होतं तिथे राख चढायला लागली होती. मास्तर स्टूल पुढे ओढून अगदी जवळ बसला. डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात. दाताबद्दल दात! आईचा दात त्याला दिसला, फरशीच्या फटीत गेलेला, मुळाशी रक्त लागलेला. त्याने आपला डावा हात पुढे केला आणि गाठीचं मोकळं टोक चिमटीत धरलं. सोडायलाच धरलं असं त्याला वाटलं. आणि त्याने ते ओढलं. स्वतःच्या सगळ्या ताकदीने, दात आवळून, दांड्याला पाय लावून ओढलं. गाठ अर्ध्या गव्हाएवढी आणखी बसली. अप्पांच्या तोंडून माणसाचा म्हणता येणार नाही असा आवाज आला, पाय झाडला गेला, गुडघ्याने सलाइनचा खांब हलला. मास्तरच्या अंगातून एक ऊब गेली, थेट पोटापासून कानापर्यंत. किती वर्षं वाट पाहिली होती या उबेची! त्याने सुजलेल्या बोटावर अंगठा ठेवला आणि दाबला, आणि दाबलेली जागा पांढरी झाली, आणि पांढरीच राहिली. रक्त परत आलं नाही.

तो पांढरा रंग मात्र त्याला सोसला नाही.

त्याचं कारण त्याला पुढेही नीट सांगता आलं नसतं. दया आली म्हणावं तर दया कुठेच नव्हती. मनात अजून मारामारीच चालली होती. त्याला एवढंच दिसलं की आता या खोलीत एकच जण असा आहे ज्याला हा रंग आतून ठाऊक आहे, आणि तो स्टुलावर बसून उद्या म्हणतोय. अप्पांचा हात त्या रात्री गाठीपर्यंत येऊन हवेत थांबला होता. आपलाही थांबला, म्हणजे झालंच. मग कामट्या तेवढ्या आणायच्या राहिल्यात. त्याला स्वतःचा संताप आला, अप्पांचा आला, सिस्टरचा, बस उलटवणाऱ्याचा, आणि त्या संतापातच तो गाठीवर तुटून पडला.

निरगाठ एका हाताने सुटत नाही. त्याला हे कुणी सांगायला नको होतं. बुटाच्या नाड्या, पिशव्या, लग्नात बायकोच्या हातातला गजरा, सगळं तो डावा हात आणि दात यांवर निभावत आला होता. पण ही गाठ आता त्याने स्वतःच आवळून ठेवली होती. त्याने खाली वाकून तिच्यात दात रोवले. तोंडात औषधाची, घामाची, सुकलेल्या रक्ताची चव आली. गाल अप्पांच्या गार बोटांवर दाबला गेला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं मुलगा बापाचा हात चुंबतोय. प्रत्यक्षात तो कुत्र्याने हाडूक ओढावं तसा मान झटकत होता आणि नाकातून गुरगुरत होता.

"अहो, सिस्टर येईल," ड्रायव्हर कुजबुजला. मग म्हणाला, "ओढा, ओढा. मी बघतो दाराकडे."

पुढच्या दाताचा टवका उडाला. तो थुंकला आणि पुन्हा चावला. धागा सरकला. मग एक वेढा, मग दुसरा, आणि पट्टी घळीतून सुटून आली तशी तिच्याबरोबर कातडीचा पापुद्रा आला. हात दांड्यावरून खाली पडला. क्षणभर तो तिथे नुसता पडून राहिला, कुणाचाच नसल्यासारखा. मग रक्त आत शिरलं. मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं ते दुखणं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या हातात ते कधी आलंच नव्हतं. अप्पांनी किंकाळी फोडली, हात वर गेला आणि सगळ्या जोराने मास्तरच्या तोंडावर आला. आधीच दुखावलेला दात ओठात घुसला. दुसरा तडाखा डोळ्याखाली बसला. तिसऱ्याला हात नाकाकडे निघाला, नळीकडे. मास्तरचा डावा हात पट्टीत गुंतलेला होता. त्याने जे होतं ते मधे घातलं. वाळका हात, आत वळलेली मूठ, ज्याला तो परक्यासमोर खिशात ठेवायचा. तो अप्पांच्या छातीवर आडवा टाकला.

अप्पांची बोटं त्याच्यावर मिटली. आता हात पिरगाळतील, असं वाटून त्याने डोळे मिटून घेतले.

बोटं थांबली. मग अंगठा हलला. निळसर, सुजलेला अंगठा मनगटावरून वर सरकला, कोपराशी गेला, तिथे टेकला, आणि हाडावरून सावकाश फिरायला लागला. वॉर्डात कुणीतरी खोकत होतं. अप्पांचे डोळे छताकडे होते, पण कपाळाच्या आठ्या गेल्या होत्या.

"हात लांब कर," अप्पा म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द नेहमीचे होते, ओसरीवरचे.

"होत नाही."

"हं." अंगठा पुन्हा फिरला. "हाड बेस बसवलंय. कुणी बसवलं?"

मास्तरच्या ओठातून रक्त गळून अप्पांच्या चादरीवर पडत होतं.

"हाड बेस आहे. मांस मेलंय. बांधताना आवळलंय," अप्पा स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. "सुजेला जागा नाही ठेवली. निरगाठ मारली असेल गाढवानं."

"हो."

"पोर ओरडलं नाही?"

"ओरडलं. रात्रभर ओरडलं."

"मग? सोडायचं नाही लगेच? आंधळा होता काय तो?"

मास्तरने तोंडातलं रक्त गिळलं. "रविवार होता," तो म्हणाला.

अंगठा थांबला. अप्पांनी मान वळवली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, ओळखीने नव्हे, ओसरीवर आलेल्या कुठल्याही माणसाकडे पाहावं तसं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर निखळ राग होता, दुसऱ्याच्या चुकीचा येतो तसा.

"रविवार होता म्हणून काय झालं?" अप्पा म्हणाले. "लेकराचा हात आहे हा. हात तोडले पाहिजेत त्याचे."

किती वर्षं हेच वाक्य त्याने मनात घोळवलं होतं, अप्पांना ऐकवायचं म्हणून. आरशासमोर, बसमध्ये, रंग ढवळताना. आता ते अप्पांच्याच तोंडून आलं, आणि ज्याला ऐकवायचं तो माणूस जागेवर नव्हता. त्याला रडू आलं. मोठ्या माणसाचं, ओबडधोबड, नाक वाहणारं रडू. आतला राग गेला नव्हता, तो होता तिथेच होता. फक्त त्याला आता कुणाला मारायचं हे कळत नव्हतं.

"जाऊ द्या, अप्पा," तो म्हणाला. "तोडू नका. घाबरला होता तो."

"घाबरला म्हणे," अप्पा पुटपुटले आणि पुन्हा कामाला लागले. अंगठा वाळक्या स्नायूंवर दाबत, सोडत, दाबत वर जात होता. हात काही सरळ झाला नाही. मूठ आत वळली होती ती तशीच राहिली. पण अप्पांच्या नखांच्या मुळाशी रंग परत येत होता, आधी घाणेरडा लाल, मग गढूळ, मग त्यात एक बोटभर गुलाबी, आणि मास्तर भिजल्या डोळ्यांनी ती छटा उतरताना बघत राहिला.

सिस्टर आली ती धावतच. फाटलेली पट्टी, रक्त, मास्तरचं सुजलेलं तोंड. "अहो, हे काय केलंत! देवा! मारलं त्यांनी? व्हा बाजूला, बांधावा लागेल."

"नका बांधू."

"नळी उपसतील ते."

"नाही उपसत. बघा तरी. ते कामावर आहेत."

सिस्टरने पाहिलं. म्हाताऱ्याचा हात नळीच्या आसपासही नव्हता. तो दुसऱ्या एका वाळलेल्या हाताला धरून होता आणि मन लावून काहीतरी शोधत होता. अप्पांनी तिला डोळ्यांनी बाजूला हो म्हणून खुणावलं. "गर्दी नको," ते म्हणाले. "बाहेर बसा. एकेकाने या." ड्रायव्हर फिस्सकन हसला.

तिच्या हातात नवी पट्टी होती. ती तिने उलगडली, आणि अप्पांच्या बोटांकडे पाहत तशीच उभी राहिली. मग गुंडाळून खिशात टाकली.

"पण तुम्ही काढून घेतलात हात, की झालं," ती म्हणाली. "असे किती वेळ बसणार?"

मास्तरने पायाने स्टूल खाटेला चिकटवलं आणि हात आणखी थोडा आत सरकवला, अप्पांना वाकडं पडू नये असा.

"सोमवार उजाडेपर्यंत," तो म्हणाला.